पात्यावर नाव आहे, पण ते काय सिद्ध करतं?

इतवारीच्या सराफ्यात जुना दागिना मोडायला नेला की सराफ आधी शिक्का बघतो, पण तेवढ्यावर पैसे मोजत नाही. कसोटीवर घासतो, नाहीतर मशीनमध्ये ठेवतो. शिक्का हा दागिन्याचा दावा झाला, तो तपासावा लागतो. हे आपल्याला दुकानात कळतं, मग इतिहासाच्या वस्तूंपाशी का विसरतो?

इतवारीला लागूनच महाल आहे, भोसल्यांचा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावातून राज्य शासनाने रघूजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर म्हणून मलाही आनंद झाला. तक्रार तलवारीबद्दल नाही. तिच्याविषयी जो युक्तिवाद सगळीकडे फिरला त्याबद्दल आहे: "पात्यावर नाव आहे, म्हणजे ती पहिल्या रघूजींचीच."

लेख असा आहे: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. आता नीट वाचा. यात कारागिराचं नाव नाही, साल नाही, आणि 'पहिले' असंही नाही. सेनासाहेब सुभा हा किताब शाहू महाराजांनी पहिल्या रघूजींना दिला, पण तो पुढे गादीबरोबर चालत आला. १८१६ पर्यंत राज्य केलेले दुसरे रघूजीही सेनासाहेब सुभाच होते. म्हणजे नाव आणि किताब दोन्ही जुळणारे किमान दोन उमेदवार आहेत. पहिले १७५५ मध्ये वारले. दोघांतला एक निवडायचा तर अक्षरांचं वळण, मुठीची घडण, नक्षीची शैली असा लेखाबाहेरचा आधार लागतो. निष्कर्ष बरोबर असेलही, पण बातम्यांत तो आधार न सांगताच निष्कर्ष आला. गणितात उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, तसं.

शेवटचा शब्द तर सगळ्यात मोलाचा आहे. फिरंग म्हणजे सरळ, युरोपीय पात्याची तलवार. पातं परदेशी, मूठ इथली, आणि नाव त्यानंतर कधीतरी घातलेलं. एकाच वस्तूत तीन तारखा. एकीवरून दुसरी ठरत नाही.

या बाबतीत जपानी तलवारींच्या अभ्यासकांकडून शिकण्यासारखं आहे. तिथे लोहार आपली सही, म्हणजे 'मेई', मुठीत दडलेल्या शेपटीवर छिन्नीने कोरतो. पण जाणकार सही शेवटी वाचतो. आधी पात्याचा बाक, पोलादाचा पोत, धारेलगतची 'हामोन' ही रेषा बघून लोहाराचा अंदाज बांधायचा आणि मग सही त्याच्याशी जुळते का ते पाहायचं. शेपटीवरचा गंज ते मुद्दाम साफ करत नाहीत, कारण कोरलेल्या रेघेतला गंज आजूबाजूच्या गंजाइतकाच जुना दिसतो का, हा मोठा पुरावा असतो. खोट्या सहीला 'गिमेई' असा वेगळा शब्दच आहे. कोतेत्सू या लोहाराच्या नावाच्या तर नकलाच जास्त. उलट मासामुनेसारख्या श्रेष्ठ लोहाराच्या बहुतेक तलवारींवर सहीच नाही. काही तलवारी पुढे कापून आखूड केल्या, मूळ सही गेली, आणि होनआमी घराण्यातल्या पारख्यांनी लोहाराचं नाव सोन्याने जडवलं. ती सही नव्हेच, पारख्याचं मत आहे, सोन्यात लिहिलेलं!

मग आपल्या तलवारीचं काय करता येईल? बातम्यांत लेख 'सोन्याच्या पाण्याने' लिहिल्याचं आलं. पण सोन्याचं पाणी देणं वेगळं आणि खाचेत सोन्याची तार ठोकून बसवणं वेगळं. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो. क्ष-किरण प्रतिदीप्तीने, वस्तूला ओरखडाही न काढता, सोन्यातले घटक कळतात. पारा सापडला तर पारा-मुलाम्याची शंका घ्यायची. मुठीवरच्या सोन्याशी लेखाचं सोनं जुळतं का, गंज सोन्याखाली आहे की सोन्यावर चढलाय, हेही बघता येतं. यातलं काहीच "हे रघूजी पहिले" असं सांगणार नाही. पण काही शक्यता नक्की खोडता येतील, आणि प्रयोगाचं काम तेवढंच असतं.

"नाव आहे, म्हणजे नंतर कोणीतरी घातलं असणार" असं म्हणणारेही भेटले. त्यांच्याकडेही पुरावा नाही. शंका फुकट मिळते म्हणून ती शास्त्रीय ठरत नाही.

मी स्वतः दुसऱ्या वर्षी बाटलीवरचं लेबल खरं धरून तीन महिने चुकीच्या नमुन्यावर काम केलं. लेबल माझ्याच अक्षरात होतं. म्हणून संशोधनाकडे वळणाऱ्यांना एवढंच सांगते: नाव वाचा, वहीत टिपून ठेवा, आणि मग ते झाकून वस्तूकडे बघा. तलवार आता सार्वजनिक पैशाने आपली झाली आहे. तिच्या शेजारच्या पाटीवर 'हे कशावरून' असा एक रकाना असायला काय हरकत आहे?