कर्क्युमिन व कर्कपेशी : मात्रेच्या प्रश्नाची चिकित्सा

हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या कर्करोगविरोधी गुणांविषयी गेल्या तीन दशकांत विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचा मुख्य आधार पेशीय संदेशवहन हा आहे. एनएफ-कॅप्पा-बी हे प्रथिन एरवी पेशीद्रवात अवरोधक प्रथिनाशी बद्ध असते. दाहजनक संदेश पोहोचताच अवरोधकाचे विघटन होते. मुक्त प्रथिन केंद्रकात शिरून पेशींची वाढ व तग यांस साहाय्यक जनुके कार्यान्वित करते. अनेक कर्कपेशींत हा मार्ग सतत चालू राहतो. कर्क्युमिन हे विघटन रोखते, असे ह्यूस्टन येथील भारत अगरवाल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडले आणि या संशोधनास वेग आला.

मांडणी आकर्षक आहे. अडचण मात्रेची आहे. पेशीसंवर्धनात कर्क्युमिनची संहती बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर ठेवली जाते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. हळदीत ते सुमारे ३ टक्के धरल्यास ही मात्रा पाव किलोहून अधिक हळदीइतकी होते. भाजीतल्या चिमटीचा येथे विचारच नको. तरीही रक्तातील कमाल पातळी दर मिलिलिटरला २२ ते ४१ नॅनोग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास राहिली. काचपात्रातील संहती याच्या शंभरपट वा त्याहूनही अधिक असते. मूल्यमापन झालेल्या २१ रुग्णांपैकी दोघांत परिणाम दिसला, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. मात्र चाचणीत तुलनेचा गट नव्हता.

‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधील २०१७ च्या समीक्षालेखाने आणखी मूलगामी आक्षेप घेतला. कर्क्युमिन रासायनिकदृष्ट्या अस्थिर आहे, स्वतः प्रतिदीप्त होते आणि अनेक प्रथिनांशी अविवेकाने अभिक्रिया करते. परिणामी चाचण्यांत फसवे होकार मिळतात. त्यापूर्वी, २०१६ मध्ये, ‘बायोकेमिकल फार्माकॉलॉजी’ने अगरवाल यांचे सात शोधनिबंध मागे घेतले होते. तरीही हळदीच्या अर्काने कर्कपेशी मेल्या, एवढ्यावर थांबणारे शोधनिबंध प्रसिद्ध होतच आहेत. त्यांत निरोगी पेशींशी तुलना नसते, माध्यमातील कर्क्युमिन किती काळ टिकले याची नोंद नसते, आणि ती संहती शरीरात शक्य आहे काय, हा प्रश्नही नसतो.

द्रव्य वनस्पतिजन्य आहे, हा येथे आक्षेप नाही. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल नॅनोमोलर संहतीतही पेशीविभाजन थोपवते, शिरेतून दिल्यावर रक्तात त्याहून अधिक पातळी गाठते, आणि १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली.