अस्थिशल्यक्रिया आणि खाटांची मागणी : एका मापनपद्धतीचे परीक्षण

एखाद्या प्रदेशातील रुग्णालयांत किती खाटा असाव्यात, हा प्रश्न नियोजनकार बहुधा मागील वर्षांच्या आकड्यांवरून सोडवितात. इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, प्रत्येक रुग्ण सरासरीने इतके दिवस राहिला. या दोहोंचा गुणाकार म्हणजे 'मागणी'. झालेल्या शस्त्रक्रिया आणि लोकसंख्येतील व्याधी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा या रीतीत विसर पडतो. खाटा अधिक तेथे त्यांचा वापरही अधिक, हे अमेरिकेत मॅक्स शेन व मिल्टन रोमर यांनी १९५९ मध्येच निदर्शनास आणले होते. पुढे १९७३ मध्ये जॉन वेनबर्ग व ॲलन गिटेलसन यांनी व्हरमाँट राज्यातील लहान लहान क्षेत्रांची तुलना करून शेजारच्या वस्त्यांतही शस्त्रक्रियांच्या प्रमाणात मोठी तफावत असल्याचे दाखविले.

या अभ्यासपरंपरेतील अस्थिशल्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. वृद्धांचा खुबा मोडला की निदानाविषयी संशय राहत नाही; वेदना असह्य असते, घरी उपचार शक्य नसतो. म्हणून या अस्थिभंगासाठी होणाऱ्या भरतीचे प्रमाण क्षेत्राक्षेत्रांत फारसे बदलत नाही. पाठीच्या मणक्यावरील शस्त्रक्रियांचे प्रमाण मात्र बरेच बदलते. पाठदुखी सर्वत्र आहे; ती कापून बरी करावी की विश्रांतीने, याविषयी शल्यविशारदांतच एकमत नाही. पहिला आकडा व्याधी मोजतो, दुसरा बव्हंशी वैद्यांचा कल मोजतो. दोन्ही एकाच बेरजेत घालून खाटांची गरज ठरविणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

वेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये केलेली बॉस्टन व न्यू हेवन यांची तुलना याच मुद्द्याला बळ देते. दोन्ही नगरांत विद्यापीठीय रुग्णालये, लोकवस्तीही सारखीच. तरी १९८२ मध्ये रुग्णालयीन उपचारांवरील दरडोई खर्च न्यू हेवनमध्ये ४५१ डॉलर, तर बॉस्टनमध्ये ८८९ डॉलर होता. न्यू हेवनच्या प्रमाणाने मोजल्यास बॉस्टनवासीयांनी ७३९ खाटा अधिक वापरल्या. त्यांपैकी बहुतेक, भरती करावी की न करावी हे वैद्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या विकारांसाठी होत्या. मोठ्या शस्त्रक्रियांचे एकूण प्रमाण दोन्हीकडे समानच होते. वेगवेगळ्या शस्त्रक्रियांत मात्र अंतर होते. एकूण आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तथापि या पद्धतीची एक मर्यादा तिच्या चाहत्यांकडून सहसा उच्चारली जात नाही. न्यू हेवनला कमी खाटा पुरल्या, म्हणून कमी खाटा पुरेशा असतात, हा निष्कर्ष रुग्णालय सर्वांच्या आवाक्यात असेल तेथेच टिकतो. खुब्याच्या अस्थिभंगाचे मापही त्याच अटीवर खरे. आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलणे धोक्याचे होईल. १९४६ च्या भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार लोकांमागे अवघ्या ०·२४ खाटा असल्याचे नोंदविले होते. ती स्थिती आज राहिली नसली, तरी मोडलेले हाड हाडवैद्याकडे नेणारी किंवा म्हातारीला तशीच अंथरुणावर ठेवणारी कुटुंबे नाहीशी झालेली नाहीत. अशा तालुक्यात खुब्याच्या अस्थिभंगाच्या नोंदी थोड्या आढळल्या, तर हाडे कमी मोडली की वाट लांब पडली, हे रुग्णालयाच्या दप्तरावरून समजणार नाही. त्यासाठी मोजणी घरोघर जाऊनच करावी लागेल.