चोवीस अंश खरे, पण किती वाजता?

वातानुकूलन यंत्र सुरू होताच २४ अंशांवर यावे, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. हेतू चांगला, पण वीज केव्हा वापरावी, याबद्दल तो गप्प आहे. सौरवीज मिळते दुपारी. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात दुपारी तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता घरात सोडतो आणि सूर्य मावळल्यावरच कूलर, एसी जोरात चालतात.

२०२३च्या केंद्रीय नियमांनी शेती वगळता इतरांसाठी सौर तासांतील दर किमान २० टक्के कमी ठेवण्यास सांगितले. ठीक. परंतु दुपारी स्वस्तात गार केलेली खोली उघड्या स्लॅबखाली रात्रीपर्यंत गार राहत नाही. माळवदाचा जाड मातीचा थर हे काम फुकट करी. १९९३च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंती व जड माळवदे माणसांवर कोसळली, तेव्हा ती परत आणा असे आम्ही म्हणणार नाही. २०१८च्या इको निवास संहितेत छतातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे. मात्र ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांपुरती! आपल्या गल्लीतली घरे सुटली.

विद्यार्थ्यांना आपापल्या घरी दुपारी २ आणि रात्री ८ वाजता स्लॅबखालचे तापमान मोजायला सांगावे. मग अर्ध्या स्लॅबला चुना लावून पुन्हा.