आकाशातले दिवे आणि युंगचं उत्तर

मंडळी, रात्रीच्या आकाशात न उलगडणारे दिवे दिसतात, त्याविषयी आज बोलायचं आहे. त्यासाठी मी एक पुस्तक टीकेला घेतो. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली उडत्या तबकड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शीतयुद्धाने माणूस भेदरला, जग दुभंगलं. अशा वेळी मन पूर्णतेचं चिन्ह शोधतं आणि ते गोल, मंडलासारखं चिन्ह आकाशावर उमटवतं. वर प्रत्यक्ष काही आहे का, हा प्रश्न तो उघडा ठेवतो. हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य करू.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी जळत्या ठिपक्यांची रांग आकाशातून सरकताना पाहिली. कोणी उल्का म्हणालं, कोणी पेटलेलं विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. पुढे आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही मिळाले. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने अंदाज दिला, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. गंमत बघा, गोल वस्तू होती. पण ती मनात नव्हती, शेतशिवारात पडली होती!

इथे युंग अपुरा पडतो. त्याचं उत्तर पाहणाऱ्याबद्दल आहे, दिव्याबद्दल नाही. माणूस घाबरलेला होता म्हणून त्याने जे पाहिलं ते मनाचंच, असं म्हणता येत नाही. घाबरलेल्या माणसालाही खरी वस्तू दिसते.

आपल्या नैयायिकांकडे याहून चांगलं हत्यार आहे. अंधारात समोर खांब आहे की माणूस, हा संशय का येतो? उंची दोघांनाही आहे, म्हणून. सुटतो कधी? एकालाच असलेला विशेष दिसला, की. दिव्यांनाही हेच लावा. चमकणं सगळ्यांचंच आहे, विशेष शोधा. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, तिरका येतो. पुढची हवा दाबली जाऊन तापते, तो फुटतो, आणि तुकडे मिनिटभरही एका दिशेने जाताना दिसतात. स्टारलिंकचे नवे उपग्रह मोत्यांच्या सरीसारखे चालतात, पण जळत नाहीत. पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक करून मालवतात. शुक्र तर जागचा फारसा हलतच नाही. क्षितिजाजवळच्या दाट हवेमुळे थरथरतो एवढंच. तुमच्या नारपोलीत गोदामांच्या दिव्यांनी आकाश कितीही उजळलं, तरी तो दिसतोच.

म्हणजे ‘अनाकलनीय’ हा त्या दिव्याचा गुण नव्हे. आपल्या माहितीत किती भोक आहे, ते तो शब्द सांगतो. आणि तबकडीवाले त्याच भोकातून परग्रहवासी आत घेतात! पण मग ‘छे, सगळा भ्रम’ म्हणणाराही तीच घाई करतो. शिंपल्याला चांदी समजणाऱ्यासमोर निदान शिंपला तरी असतोच ना?

हे निव्वळ शब्दांचं भांडण आहे असं कोणी समजू नये. अवकाशातल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं, तर ती सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. उद्या असं कडं एखाद्याच्या घरावर पडलं आणि आपण त्याला चमत्कार म्हणालो, किंवा सामूहिक मनाचं चिन्ह म्हणालो, तर भरपाई मागायची कोणाकडे? नैसर्गिक कारण शोधणं हे त्या घरमालकाच्या हक्काचंही काम आहे.

म्हणून असा दिवा दिसला, तर ‘काय होतं?’ हे नंतर. आधी वेळ, दिशा, किती सेकंद दिसला, एक होता की रांग होती, एवढं कागदावर लिहा. शेजाऱ्यालाही वेगळं लिहू द्या. एकमेकांना विचारून नको. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि वाद घाला.