वाचणाऱ्यावर उलटलेली पोथी

होर्हे लुईस बोर्हेस म्हटले की चक्रव्यूह, आरसे आणि न संपणारी ग्रंथालये आठवतात. उत्तर-आधुनिक कथेचा हा पूर्वसूरी १९७० च्या ‘ब्रॉडीचा अहवाल’ या संग्रहात मात्र सरळ निवेदनाकडे वळला. त्यातल्या ‘मार्कनुसार शुभवर्तमान’ या कथेचा साधेपणा फसवा आहे.

मार्च १९२८. ब्वेनोस आयरेसचा बाल्तासार एस्पिनोसा, वय ३३, वैद्यकीचा रेंगाळलेला विद्यार्थी, नात्यातल्या भावाच्या शेतवाडीवर येतो. पूर येतो आणि तो मुकादम गुत्रेच्या कुटुंबासोबत अडकतो. गुत्रे मूळचे स्कॉटिश. घरातल्या इंग्रजी बायबलात त्यांच्या पिढ्यांची नोंद आहे, पण ती वाचू शकणारे घरात कोणी उरलेले नाही. एस्पिनोसा रोज जेवणानंतर मार्कचे शुभवर्तमान स्पॅनिशमध्ये सांगत वाचू लागतो. गुराख्यांच्या जीवनावरची कादंबरी त्यांना रुचली नव्हती. हे मात्र ते पोथी ऐकावी तसे ऐकतात आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगतात.

बोर्हेस खुणा उघड्यावरच ठेवतो: नायकाचे वय, वाढलेली दाढी, त्याने बरे केलेले कोकरू, स्वप्नात ऐकू आलेले हातोड्याचे घाव. तरी पहिल्या वाचनात त्या निसटतात, कारण आपणही एस्पिनोसासारखेच सुशिक्षित. मुकादम विचारतो, ख्रिस्ताने सर्वांच्या उद्धारासाठी मरण पत्करले का? खिळे ठोकणारेही तरले का? स्वतः श्रद्धा नसलेला एस्पिनोसा दोन्हींना होकार देतो. वाचले त्याची बाजू घेणे त्याला भाग वाटते. त्या दुसऱ्या होकारातच त्याचे मरण ठरते.

शेवटी गुत्रे गुडघे टेकून आशीर्वाद मागतात, मग शिव्या देतात, थुंकतात आणि त्याला मागच्या बाजूला ढकलत नेतात. छपराच्या तुळया काढून त्यांनी क्रूस उभारलेला आहे. प्रत्यक्ष मृत्यू बोर्हेस दाखवत नाही.

या हत्येला अडाण्यांचे क्रौर्य म्हणून मोकळे होता येत नाही. एस्पिनोसासाठी तो मजकूर भाषांतराचा सराव होता, गुत्रेंसाठी तारणाचा मार्ग. ऐकलेला शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. ज्ञान आणि श्रद्धा यांच्यातले हे अंतर इतक्या थोड्या पानांत इतक्या निर्दयपणे मोजणारी कथा विरळाच.