साबळे, शाहीर कृष्णराव गणपतराव

(३ सप्टेंबर १९२३–२० मार्च २०१५). महाराष्ट्रातील एक श्रेष्ठ शाहीर, मुक्तनाट्यकार आणि ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ या कलापथकाचे प्रमुख. जन्म सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात, पसरणी या गावी. बालपणी काही काळ ते शिक्षणासाठी अमळनेर येथे होते. तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला आणि राष्ट्रीय चळवळीची ओढ लागली. औपचारिक शिक्षण फार पुढे गेले नाही. गळा आणि निरीक्षण याच भांडवलावर ते मुंबईत आले आणि तेथेच त्यांची कारकीर्द घडली. त्यांच्या प्रथम पत्नी भानुमती या कवयित्री होत्या. शाहिरांनी गायिलेली अनेक गीते त्यांच्या लेखणीतून उतरली आहेत.

साबळे यांचे नाव उच्चारताच सर्वसामान्य मराठी माणसाला आठवते ते ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास राज्यगीताचा दर्जा दिला. या गीताचे शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची. साबळे यांचा त्यात केवळ आवाज आहे. खळे हे मुख्यतः भावगीताचे संगीतकार. तरी त्यांनी बांधलेल्या या चालीला मोकळ्या मैदानात कमावलेला, ध्वनिक्षेपकाची फारशी तमा न बाळगणारा गळा लाभला, म्हणूनच ती समूहाच्या तोंडी बसली. हे गीत टिकून राहील यात शंका नाही. परंतु शाहिराच्या प्रभावाचे माप त्यावरून घेणे योग्य ठरणार नाही. तो प्रभाव शोधावयाचा तर त्यांच्या मुक्तनाट्यांत आणि विशेषतः त्यांच्या पार्टीत शोधावा लागतो.

साताऱ्याचा डोंगरी भाग आणि कृष्णाकाठचा सांगली जिल्हा (१९६० पूर्वीचा दक्षिण सातारा) हा मराठी शाहिरी व तमाशाचा एक प्रमुख आधार होय. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे; अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातील वाटेगावचे; सोंगाड्यांची विख्यात जोडी काळू-बाळू मिरजेजवळच्या कवलापूरची. याच टापूतील वाई, जावळी, पाटण या तालुक्यांतून पोटासाठी मुंबईस जाणाऱ्यांची रीघ पिढ्यान्‌पिढ्या लागलेली होती. कोयनेच्या खोऱ्यातील भातखाचरांवर कुटुंब निभत नसे. मग कोणी गिरणीत लागे, कोणी गोदीत वा बाजारात पाठीवर ओझी वाही. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातीलच. गावची जत्रा मागे राहिलेला आणि नाट्यगृहात अवघडून बसणारा हा कष्टकरी वर्ग साबळे यांचा खरा श्रोता होता. त्याला गावाकडचे गाणे हवे होते. पण ज्या शहराने त्याला कामाला जुंपले त्या शहराविषयीही कोणीतरी त्याच्या बोलीत बोलावयास हवे होते. या दोन्ही गरजा साबळे यांनी ओळखल्या.

त्यांच्यापूर्वी हा मार्ग लाल बावटा कलापथकाने मोकळा केला होता. अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांनी तमाशाच्या ढाच्यात राजकीय आशय भरला. साबळे यांचे वेगळेपण असे, की त्यांनी या प्रकाराला व्यावसायिक रंगमंचावर उभे केले आणि प्रेक्षकाला तिकिटाचे मोल द्यावयास लावले. १९६० च्या सुमारास रंगभूमीवर आलेले ‘यमराज्यात एक रात्र’ आणि नंतरची ‘इंद्राच्या दरबारात तमाशा’, ‘ग्यानबाची मेख’, ‘नशीब फुटकं सांधून घ्या’, ‘कोंडू हवालदार’ ही मुक्तनाट्ये या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. यमलोक किंवा इंद्रसभा ही चौकट ओळखीची. तीत वर्तमानातील माणसे आणून सोडली, की विनोद आपोआप निर्माण होतो. शीर्षकेही लोकांच्या तोंडी आधीच असलेली. ‘नशीब फुटकं सांधून घ्या’ या नावात तर गल्लीतून हिंडणाऱ्या कारागिराची आरोळीच ऐकू येते. सोंगाड्याला संहितेबाहेर जाण्याची मुभा हा या नाट्यांचा प्राण होता. त्यामुळेच छापील संहिता वाचून त्यांची कल्पना येत नाही. वाङ्‌मयसमीक्षेने या नाट्यांची दखल फारशी घेतली नाही, त्याचे हे एक कारण असावे. दुसरे कारण समीक्षकांची अभिरुची.

‘आंधळं दळतंय’ हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले. शिवसेनेच्या स्थापनेच्या (१९६६) काळातील मराठी माणसाची व्यथा त्यात मांडलेली असून त्या पक्षाच्या प्रारंभीच्या प्रसाराशी त्याचे नाव जोडले जाते. त्याचा परिणाम मोठा होता, हे मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. यमाच्या दरबारातील विनोद राजा, प्रजा, देव आणि खुद्द प्रेक्षक अशा सर्वांनाच चिमटे काढतो. ‘आंधळं दळतंय’मध्ये हास्याचे लक्ष्य बव्हंशी प्रेक्षागृहाबाहेर आहे. स्वतःवर हसण्याची तमाशाची जुनी खोड तेथे काहीशी मागे पडते. शाहिरीचे बळ आणि तिचा धोका ही दोन्ही या एकाच कृतीत एकत्र दिसतात.

एकनाथांच्या भारुडांना साबळे यांनी जे रूप दिले, ते त्यांच्या गायनाचे शिखर मानावे लागेल. ‘विंचू चावला’ या भारुडात विंचू म्हणजे कामक्रोध, हे कीर्तनकार समजावून सांगतो. साबळे ते समजावीत नाहीत. ते आधी कळवळतात. वेदनेचे ते हास्यकारक सोंग, मध्येच येणारे बोलके उद्गार आणि पुन्हा ठेक्यावर अचूक परतणे यांमुळे भारूड हे मुळात नाट्य आहे याची प्रचीती येते. पुढील गायकांनी कळवळणे तेवढे उचलले. त्यामुळे रूपकाचा दुसरा पदर, ज्यासाठी नाथांनी रचना केली, तो अनेकदा सुटतो. मूळ ध्वनिमुद्रण ऐकल्यास हा तोल साबळे यांनी कसा राखला आहे ते कळते.

पथकप्रमुख म्हणून साबळे यांचे कार्य समजून घेण्यास दूरदेशीचे एक उदाहरण उपयोगी पडते. इंग्लंडमधील जॉन मेयॉल (१९३३–२०२४) यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे संगीत आपलेसे केले. त्यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या पथकातून एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, मिक टेलर असे गिटारवादक बाहेर पडले व गुरूपेक्षा अधिक प्रसिद्धी पावले. पथक हीच पाठशाळा, असा हा प्रकार होय. साबळे यांची पार्टीही अशीच होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा गोंधळ, जागरण, वासुदेव, कोळीगीते, धनगरी नृत्य, लावणी आदींचा समावेश असलेला कार्यक्रम सादर केला. त्यात नातू केदार शिंदे, तसेच भरत जाधव, अंकुश चौधरी ही मुले वावरली. पुढे हे सर्व नाट्य-चित्रपटसृष्टीत नावारूपास आले. शिंदे यांचे ‘सही रे सही’ (२००२) हे नाटक आणि त्यातील जाधव यांची क्षणाक्षणाला पालटणारी सोंगे पाहताना मुक्तनाट्यातील सोंगाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तथापि येथेच तुलना संपते. मेयॉल यांच्या शिष्यांनी वाद्य हाती धरूनच पुढची वाट चालली. साबळे यांच्या पार्टीतून नट व दिग्दर्शक निघाले, पण स्वतः रचणारा, डफ-तुणतुण्यावर गाणारा आणि स्वतःचे पथक पोसणारा शाहीर क्वचितच निघाला. ‘लोकधारे’च्या यशात या अपयशाचे बीज आहे, असे म्हणता येईल. जागरण हे नवसाचे, एका घरचे, रात्रभर चालणारे विधिनाट्य. रंगमंचावर ते काही मिनिटांचे होते. साबळे यांना मूळ विधी ठाऊक होता आणि काय वगळले याचे भान होते. अनुकरण करणाऱ्यांना केवळ वगळलेले रूप ठाऊक होते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि शासकीय सोहळ्यांत आज जो भरजरी ‘लोककलांचा आविष्कार’ दिसतो, तो या अनुकरणाचाच विस्तार होय. त्यात पिवळाधमक भंडारा आहे, नऊवारी आहे, दिवटीही आहे. पण वर्तमानाला उद्देशून बोललेला एकही शब्द नाही. मुक्तनाट्यकार साबळे यांचा वारसा त्यामुळे ‘लोकधारा’कार साबळे यांच्या वारशाखाली झाकला गेला. मात्र दुसरी बाजूही विसरता येत नाही : या कार्यक्रमाअभावी शहरातील एका संपूर्ण पिढीला संबळ आणि दिमडी यांतील फरकही कळला नसता.

त्यांचे पुत्र देवदत्त हे संगीतकार, तर कन्या चारुशीला या अभिनेत्री म्हणून परिचित आहेत. ‘माझा पवाडा’ हे साबळे यांचे आत्मचरित्र. त्यांच्या जीवनावरील ‘महाराष्ट्र शाहीर’ हा केदार शिंदे दिग्दर्शित चित्रपट २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात शाहिरांची भूमिका अंकुश चौधरी यांनी केली, तर संगीत अजय-अतुल यांचे होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९८४) आणि पद्मश्री (१९९८) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.