मज्जारोपणाच्या बातम्या आणि सोळातले तीन

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने एखादे मूल बरे झाले की वृत्तपत्रांत त्याची ठळक बातमी येते. भावाने बहिणीला जीवदान दिले, आजार मुळासकट गेला, अशा धर्तीचे मथळे असतात. अशा बातम्यांमुळे लोकांची भीती कमी होते, मदतीचे हात पुढे येतात, हे आम्हाला मान्य आहे. परंतु विज्ञानाची माहिती म्हणून त्या अपुऱ्या असतात, आणि तो अपुरेपणा निर्णय घेणाऱ्या पालकांना महागात पडतो.

भुसावळ परिसराला हा विषय परका नाही. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेल आढळतो. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक असतात. दोन्ही आजारांत दोष असतो तो हिमोग्लोबिनच्या जनुकात. तांबड्या पेशी मज्जेत तयार होतात. तेव्हा निरोगी मज्जा मिळाली तर रक्तही निरोगी तयार होईल, हे या उपचाराचे तत्त्व.

बातम्यांतील पहिली चूक 'ऑपरेशन' या शब्दाची. रुग्णाला कोठे कापावे लागत नाही. दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढतात आणि ती रुग्णाला रक्तासारखी शिरेतून देतात. खरी जोखीम वेगळीच आहे. आधी रुग्णाची स्वतःची मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते. त्यानंतर काही आठवडे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. पुढे दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात. वंध्यत्वही येऊ शकते. १९८६ ते २०१३ या काळात सिकलसेलच्या १,००० रुग्णांना जुळत्या भावंडाची मज्जा देण्यात आली, त्यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाच वर्षांनी सुमारे ९३ टक्के रुग्ण हयात होते. हे यश मोठेच आहे. पण उरलेले सात टक्केही पालकांना आधी कळले पाहिजेत.

दुसरी उणीव दात्याविषयीची. भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी होती आणि दाता तिचा भाऊ. अशा कथा वाचून भावंड म्हणजे दाता असा समज होतो. प्रत्यक्षात पेशींवरील ओळखखुणा सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. शिवाय ते भावंड त्याच आजाराचे रुग्ण नसावे लागते. आईवडील दोघेही वाहक असताना ही शक्यता चारात तीन. ओळखखुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर आणि सिकलसेलचे जनुक अकराव्यावर असल्यामुळे दोन्ही शक्यतांचा गुणाकार करता येतो. उत्तर येते सोळात तीन. अर्धवट जुळणाऱ्या आईवडिलांची किंवा नोंदणीकृत अनोळखी दात्याची मज्जाही आता वापरतात, पण त्यात गुंतागुंतीची भीती अधिक. आणि दाता जर लहान मूल असेल, तर त्याला 'नको' म्हणता येते का, हा प्रश्न बातमीत येतच नाही.

'मुळासकट' हा शब्दही खरा नाही. रोपणाने रक्त बदलते, प्रजननपेशी बदलत नाहीत. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या प्रत्येक अपत्याकडे सदोष जनुकाची एक प्रत जाणारच. म्हणून जोडीदाराची रक्ततपासणी तेव्हाही आवश्यक ठरते.

केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणी, समुपदेशन, लसी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या यांची बातमी क्वचितच होते. बहुसंख्य मुलांचे आयुष्य मात्र त्यांवरच अवलंबून आहे. सांधे दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला आळशी न ठरवता तपासणीला पाठवणे, हे काम शिक्षकच करू शकतात.

वर्गात चार नाणी घ्यावीत. पहिल्या दोहोंवर छापा म्हणजे जुळणी. शेवटच्या दोहोंवर छापा म्हणजे आजार. सोळा शक्यता फळ्यावर मांडाव्यात आणि उपयोगी दाते विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावेत. त्यानंतर अशी एखादी बातमी वर्गात वाचावी आणि तिच्यात काय राहून गेले ते त्यांनाच विचारावे.